चौथ्या टेबलाखालचा सर्व्हर

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की प्रस्तुत इसमास, वय वर्षे त्रेपन्न, प्रकृती ठणठणीत, चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला, चेन्नईतील पेरुंगुडी येथे, भर दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, वातानुकूलित कचेरीत, हातात फिल्टर कॉफीचा पेला असताना भूत दिसले. सदर भुताने इसमाशी मराठीत संवाद साधला. इसमाने कॉफी सांडली. कृपया नोंद घ्यावी.

हसू नका. त्या दिवशी मीही आधी हसलोच होतो.

कॉलेजात असताना सांगलीला मी नाटकांत कामं करायचो. माझी उंची आणि चेहरा बघून दिग्दर्शक मला बहुतेक वेळा प्रेताचं काम द्यायचा. तेव्हा मेलेल्या माणसाने कसं वागावं याबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. पहिलं म्हणजे त्याने गप्प पडून राहावं. दुसरं म्हणजे दुसऱ्याच्या वाक्यात तोंड घालू नये. आमच्या अण्णांनी दोन्ही नियम मोडले.

अण्णा माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसले. तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेत उतरले ते परत गेलेच नाहीत, आणि त्यांची मराठी त्यांच्या घरात जुन्या पितळी भांड्यासारखी राहिली. जागोजागी चेपलेली, पण रोजच्या वापरातली. मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी ते खुर्ची वळवून म्हणाले, "कोण्या गांवचे हो तुम्ही?" मला वाटलं, हे गृहस्थ ऐतिहासिक नाटकाच्या तालमीतून थेट उठून आलेत. दुपारपर्यंत मी 'तू' झालो होतो आणि त्यांच्या डब्यातलं अर्धं वांगं माझ्या डब्यात आलं होतं.

त्यांची एक गंमत होती. बोलायचे मराठी, पण शिक्षण सगळं तमिळ शाळेत झालेलं, त्यामुळे देवनागरी त्यांना देवघरातल्या पोथीपुरती यायची, तीही बोट ठेवून. मराठी लिहायची झाली की ते तमिळ अक्षरांत लिहायचे. मी वीस वर्षं बसच्या पाट्या वाचून तमिळ अक्षरं शिकलो होतो, म्हणून मला ते वाचता यायचं. पूर्ण मजल्यावर असं लिहिणारा माणूस एक, आणि ते वाचून समजणारा माणूस एक. आमचं गुप्त खातंच होतं म्हणा ना.

आमचा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा. ज्या वहीत ते लिहायचे तिला एडिटर म्हणतात. आमच्याच लोकांनी या वहीसाठी एक अवजार तयार केलं होतं. तुम्ही चार अक्षरं लिहिलीत की पुढचं वाक्य ते करड्या, फिकट अक्षरांत सुचवायचं. पटलं तर टॅबची कळ दाबायची. करडं काळं होतं आणि वाक्य तुमचं. नाही पटलं तर लिहीत राहायचं. करडं विरून जातं. सुचवायचं कुठून, तर तुम्हीच आजवर जे लिहून ठेवलंय ते वाचून.

अण्णा हे सगळं मैलापूरच्या मेसच्या भाषेत समजावायचे. एडिटरमध्ये जे दिसतं ते एक्स्टेन्शन म्हणजे नुसता वाढपी. खरा स्वयंपाक मागे, तुमच्याच मशीनवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये. आणि अवजार करणाऱ्यांनी वेडेपणा असा केला होता की वाढपी आला की चूल पेटायची आणि वाढपी घरी गेला की विझायची. एडिटर मिटला की सर्व्हर मेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं वाचून तयार व्हायला त्याला पंधरा मिनिटं.

"एडिटर मिटलं कीं सर्व्हर मरायचं, हे कोण्ही ठरविलं?" अण्णा म्हणाले. "तेला वेगळं चालव. एकाचा जीव दुसऱ्यावर टांगून ठेवायाचा नव्हे पा."

आणि त्यांनी तसं केलंही. घरच्या भंगारातून जोडलेलं एक खोकं त्यांनी टेबलाखाली आणून ठेवलं होतं. कंपनीच्या यादीत ते नव्हतंच. त्यावर काळ्या खिडकीत एक ओळ लिहून त्यांनी सर्व्हर स्वतंत्र सुरू केला, त्याला एक कायमचा पत्ता दिला, आणि आपल्या एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये लिहिलं की बाबा रे, तू आता स्वतःची चूल मांडू नकोस, या पत्त्यावरून आणून वाढ. त्याच दुपारी त्यांनी माझ्याही लॅपटॉपवर काहीतरी केलं. मी मसालवडा खात होतो. लक्ष दिलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अण्णा ऑफिसला निघताना चप्पल घालायला वाकले आणि उठलेच नाहीत. एक चप्पल पायात, एक हातात. वहिनी स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या तोवर सगळं संपलं होतं.

ऑफिसात त्यांच्या टेबलावरचा मॉनिटर दुसऱ्या कोणी नेला, कीबोर्ड तिसऱ्याने. खुर्ची बरी होती, ती मी घेतली. लाज वाटली, पण घेतली.

तीन आठवड्यांनी, दुपारी तीन चाळीसला, मी अण्णांनी लिहिलेल्या एका जुन्या प्रोग्रॅमची फाइल उघडली. एके ठिकाणी काय चाललंय ते कळेना. टीप लिहावी म्हणून दोन तिरक्या रेघा मारल्या, आणि कॉफीचा घोट घेतला. पेला खाली ठेवायच्या आत रेघांपुढे करडी अक्षरं उमटली. अक्षरं तमिळ. बोलणं मराठी.

'यास हात लावूं नको. कां चालतें तें मलाही ठावें नाही.'

मी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की हे लिहिणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या तेराव्याला मी जेवून आलोय. कॉफी कीबोर्डवर गेली.

मी सिस्टिम सारांकडे धावलो. हे आमच्याकडचे सगळी मशीनं सांभाळणारे गृहस्थ, मदुरैकडचे, कपाळाला विभूती, निवृत्तीला दोन वर्षं. मुख्य सर्व्हरच्या खोलीच्या दारावर त्यांनी लिंबू-मिरची टांगलेली. अशा माणसाला तरी भुताची कदर असेल असं मला वाटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तमिळमध्ये निदान सांगितलं.

"पेय् इल्लै सार. कॅशे." भूत नाही, साठलेला जुना माल आहे. सिस्टिम सारांच्या मते जगातलं सगळं दुःख कॅशेमुळे आहे. "एक्स्टेन्शन काढा, पुन्हा घाला."

काढलं. पुन्हा घातलं. दोन तिरक्या रेघा मारल्या. 'यास हात लावूं नको.'

पुढचे काही महिने मी कसे काढले ते सांगतो. सोमवारी मी घरून काम करायचो. त्या दिवशी भूत नसायचं. मंगळवारी ऑफिसात पाऊल टाकलं की हजर. कधी दिवसभर काही नाही, आणि मग एखाद्या कंटाळवाण्या मीटिंगच्या नोंदी लिहिताना एकदम 'हा माणूस फार बोलतो' असं करड्या अक्षरांत, आणि समोर खरोखर तोच माणूस बोलत असायचा. एकदा मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. 'पोटांत दुखते' असं आलं. पोटात दुखायला लागलं. मी कोणाला सांगितलं नाही. कोणाला सांगणार? वाचून समजणारा मी एकटाच होतो. आमच्या गुप्त खात्याचा दुसरा खातेदार मेला होता आणि तरी खात्यात भर पडत होती.

जूनमध्ये मी वहिनींना भेटायला मैलापूरला गेलो. पेरुंगुडीहून गाडी पकडली की वीसेक मिनिटांत देवळाच्या मागच्या गल्लीत. वहिनी शाळेत तमिळ शिकवायच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. मला बसायला सांगून त्यांनी कॉफी आणली, आणि एकदम फोन पुढे केला.

"भावजी, यांत कांही मिळेल का पाहा. जुना फोन बिघडला म्हणून दुकानांत दिला. त्या शहाण्याने नवा दिला आणि अस्कें पुसलें. ह्यांचा एक मेसेज राहिला नाही."

मी बघितलं. खरंच काही नव्हतं. त्यांच्या नावापुढे कोरी भिंत.

"फोटो आहेत की वहिनी," मी म्हणालो. "भिंतीवर हार घातलेला आहे, अल्बम आहेत."

"फोटो काय, तोंड मिटून बसतात. घरांत पण तोंड मिटूनच बसत. जें काय बोलायचें तें त्या मेसेजांतच. दोन ओळी, तीन ओळी. मोठें कांही नव्हे. पण माझ्याशीं बोललेलें तेवढेंच की हो." मग त्यांनी फोन उलटा करून ठेवला. "एक ओळ मिळाली असती तरी पुरे होतें."

मी कॉफी प्यायलो आणि ऑफिसातल्या भुताबद्दल चकार शब्द काढला नाही. काय सांगणार होतो? वहिनी, ते माझ्याशी बोलतात, तुमच्याशी नाही?

मग आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. चेन्नईत त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हरपासून बसपर्यंत सगळ्या हत्यारांना विश्रांती, ऑफिसातल्या कॉम्प्युटरनाही. आदल्या दुपारी आम्ही सगळी मशीनं बंद केली, पुसली, प्रत्येकाला चंदनाचा आणि कुंकवाचा टिळा लावला. पुरोहितांनी मंत्र म्हटले, सिस्टिम सारांनी दृष्ट काढायला दाराशी भोपळा फोडला, आणि चुरमुऱ्यांच्या पुड्या वाटून लोक घरी गेले. मजला एकदम शांत झाला. एसीसुद्धा बंद. मी चुरमुरे खात खिडकीशी उभा होतो, आणि माझ्यातला प्रेताचं काम करणारा नट जागा झाला. म्हटलं, आता बघू. सगळी यंत्रं झोपली आहेत. आता कोण बोलतंय ते बघू.

देवाची क्षमा मागून, टिळा न पुसता, मी लॅपटॉप उघडला. दोन तिरक्या रेघा मारल्या.

'यास हात लावूं नको.'

अंगावर काटा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दिवसाउजेडी, तोंडात चुरमुरे असताना. त्या शांततेत मला एक बारीक आवाज ऐकू आला. घर्र, घर्र. म्हातारा माणूस झोपेत घोरतो तसा. आवाज चौथ्या टेबलाखालून येत होता. अण्णांच्या.

मी गुडघ्यांवर बसलो. तिथे लोकांनी पिशव्या, छत्र्या, कोणाचे तरी बॅडमिंटनचे बूट कोंबून ठेवले होते. ते सगळं उपसलं. मागे ते भंगारातून जोडलेलं खोकं होतं, एक हिरवा दिवा लुकलुकत होता आणि पंखा फिरत होता. बाकी सगळ्या मशीनांना ताजा टिळा. याच्यावर गेल्या वर्षीचं वाळून तडकलेलं चंदन, अण्णांच्या बोटाचा ठसा असलेलं. यंदा त्याला कोणी टिळा लावला नव्हता, कारण ते आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

पडदा नाही, कीबोर्ड नाही, एडिटर नाही, माणूस नाही. आणि सर्व्हर चालू.

तेव्हा मला तो मसालवडा आठवला. अण्णांनी त्या दुपारी माझ्या सेटिंगमध्येही आपल्याच चुलीचा पत्ता लिहून ठेवला होता. एक्स्टेन्शन काढलं तरी ती एक ओळ तशीच राहिली, आणि नवं एक्स्टेन्शन आल्याबरोबर इमानाने जुन्या पत्त्यावर जाऊन उभं राहिलं. पत्ता फक्त ऑफिसच्या आतला, म्हणून सोमवारी सुट्टी. आणि सर्व्हर काय वाचून बोलत होता? अण्णांचं एक फोल्डर. त्यात प्रोग्रॅमही होते आणि ते जे जे काही टाइप करायचे ते सगळंच होतं: रजेचे अर्ज, मीटिंगमधल्या कंटाळ्याच्या नोंदी, आणि, अंगठ्याने फोनवर लिहायला जमत नाही म्हणून आधी इथे लिहून मग डकवलेले, वहिनींना पाठवायचे मेसेज.

मी कुंकवाची वाटी आणली आणि खोक्याला टिळा लावला. टेबलाखाली वाकून लावला, त्यामुळे जरा लांबट लागला.

सुट्ट्या संपल्यावर सिस्टिम सारांना दाखवलं. त्यांनी खोक्याभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखी चक्कर मारली. "डिस्कला कुलूप आहे," ते म्हणाले. "पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. ते होते तेव्हा सुरू केलं, म्हणून आत उघडं आहे आणि बोलतंय. एकदा वीज गेली की पुन्हा उघडणार नाही. सर्व्हरला विचाराल तेवढंच मिळेल. फाइल कोणी बघू शकणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कॅशे नाही सार. हे मी चुकलो."

आता ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती. मी वहिनींना लगेच सांगायला हवं होतं. जूनमध्ये त्यांनी एक ओळ मागितली होती आणि ऑक्टोबरात ती ओळ माझ्या पायाशी घोरत होती. पण मी नाही सांगितलं. दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत मी अण्णांशी गप्पा मारल्या. 'वांगें' लिहिलं की 'अर्धें घे' यायचं. 'पाऊस' लिहिलं की 'छत्री विसरलो' यायचं. मी हसायचो, डबा खायचो. एकदा मला राहवलं नाही. मी लिहिलं, 'अण्णा, तुम्ही' आणि थांबलो. पुढे काही आलं नाही. पुन्हा लिहिलं. काही नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मग समजलं. स्वतःला ते 'अण्णा, तुम्ही' कशाला लिहितील? तो सर्व्हर फक्त त्यांची वाक्यं पुरी करत होता. मी त्यांना काही म्हणायला गेलो की तिथे कोणी नसायचं. मी त्यांच्या जागी बसून, त्यांच्यासारखं बोलायला लागलो की ते यायचे. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

डिसेंबरात मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष, लागला, मैलापुरात गाण्याच्या सभांचे मांडव पडले, आणि आमच्या ऑफिसला नोटीस आली: शुक्रवारी सगळं सामान नव्या इमारतीत. यादीत नसलेली मशीनं भंगारात. मी सिस्टिम सारांना विचारलं, यूपीएसवर ठेवून चालू खोकं मैलापूरला नेता येईल का? बॅटरी किती टिकेल याचा त्यांनी कागदावर हिशेब केला. बारा मिनिटं.

"बारा मिनिटांत मैलापूर?"

"बारा मिनिटांत तुम्ही लिफ्टमधून बाहेर येणार नाही सार."

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी मी वहिनींना फोन केला आणि सगळं सांगितलं, दोन महिन्यांसकट. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यां येतें," आणि फोन ठेवला.

गुरुवारी अकरा वाजता त्या आल्या. हातात डबा. तो त्यांनी अण्णांच्या टेबलावर ठेवला, जणू कोणी विसरून गेलं होतं म्हणून आणून दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मला मान्यच होतं. अर्धा मजला खोक्यांत भरून झाला होता. सिस्टिम सारांनी उठून त्यांना माझी, म्हणजे खरं तर अण्णांची, खुर्ची दिली.

मी टेबलाखालचं खोकं दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, वाळलेल्या चंदनावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"ह्यांत असेत?"

"ह्यात ते नाहीत वहिनी. त्यांचं लिहिलेलं आहे. तुम्ही सुरुवात करायची, तमिळ अक्षरांत, ते पुढचं... तो पुढचं सुचवेल. पण तुमचं बोलणं लिहू नका. त्यांचं लिहा. त्यांच्या वाक्याची सुरुवात."

"पस्तीस वर्षं त्यांचीं वाक्यें मीच पुरीं केलीं," वहिनी म्हणाल्या. "आतां सुरुवात पण मीच करूं?"

पण माझ्या लॅपटॉपपुढे बसल्या. शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप केलेला हात. दहाही बोटं चालत होती. 'दूध' लिहिलं. करडं उमटलं: 'आणलें आहे.' त्या ओळीकडे त्या बघत राहिल्या. 'चावी' लिहिलं. 'खिडकींत ठेवली.' 'डॉक्टर' लिहिलं. 'कांही नाही म्हणाला.' इथे त्यांचा हात थांबला. हे मी कधी लिहून बघितलं नव्हतं.

"खोटें," वहिनी हळूच म्हणाल्या. "कधीं गेलेच नव्हते." आणि ती अक्षरं त्यांनी एकेक करून खोडली.

बाहेर सामान हलवणाऱ्यांचा आवाज. सिस्टिम सार मागे हात बांधून, देवळात उभं राहावं तसे उभे. शेवटी वहिनींनी दोनच अक्षरं लिहिली. 'आज'.

करडी ओळ एकदम आली, पुरी, न अडखळता. ही ओळ त्या फोल्डरमध्ये किती वेळा लिहिली गेली असेल देव जाणे.

वहिनी बघत राहिल्या. मीही. आणि सिस्टिम सारांना मराठीचा एक शब्द येत नाही, पण अक्षरं तर तमिळच होती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि सवयीने, स्क्रीनवरचा एरर मोठ्याने वाचतात त्या स्वरात, आपल्या मदुरैच्या उच्चारात ती ओळ वाचली. आपण काय बोलतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आज यायास उशीर होईल. तूं जेवून घे."

खोलीत पुरुषाच्या आवाजात ते वाक्य बोललं गेलं. वहिनींच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसले. माझेही राहिले असणार. सारांना काहीतरी कळलं. ते एक पाऊल मागे सरले.

"काळें कसें करायाचें?" वहिनींनी विचारलं.

"टॅब दाबा."

त्यांनी दाबली. करडं काळं झालं. ओळ आता माझ्या लॅपटॉपमध्ये त्यांची होती. सर्व्हर असो की नसो, ती जाणार नव्हती. मी ती तेवढ्यात त्यांच्या फोनवर पाठवली. त्यांचा फोन पिशवीत वाजला. अण्णांचा मेसेज आला की जुना फोन असाच वाजत असेल.

"शुक्रवारी सामान निघेपर्यंत चालू ठेवता येईल वहिनी," मी म्हणालो. "उद्या परत या. अजून बरंच असेल त्यात. सकाळपासून बसू."

"आणि परवां?"

मी सामान भरणाऱ्यांकडे बघितलं.

वहिनी खुर्चीवरून उतरून खाली बसल्या, पदर सावरला, खोक्याचं बटण कुठलं ते सारांना खुणेनं विचारलं, आणि अंगठ्याने दाबून धरलं. हिरवा दिवा गेला. पंख्याची घरघर एकेक पायरी उतरत उतरत थांबली. अकरा वर्षं मी त्या टेबलाशेजारी बसलो होतो. पण इतकं शांत ते कधीच झालं नव्हतं.

मी मदतीला हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. टेबलाला धरून स्वतःच उठल्या, स्क्रीनवरची ती काळी ओळ पुन्हा एकदा वाचली, टेबलावरच्या भरलेल्या डब्याकडे बघितलं, आणि पूर्ण मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या:

"अय्यो! म्हणजे दहा महिने मी जेवल्याविना बसलें होतें, असें वाटलें कीं काय ह्यांना?"